ब्रेकचं काम घरी करायचंय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात चाक न काढता पॅडची जाडी कशी बघायची ते थोडक्यात लिहिलं होतं, तेव्हापासून जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त ब्रेकचेच निघाले. म्हणून यावेळी सगळी जागा ब्रेकलाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, ज्यांचं उत्तर इथे नाही त्यांनी कृपया रागावू नका, पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : नमस्कार दादा, माझी २०१६ ची स्विफ्ट पेट्रोल आहे, ५८ हजार किमी झालेत. पुढच्या डाव्या चाकातून बारीक किर्रर्र आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो पुढचे पॅड आणि डिस्क दोन्ही बदला. घरासमोर सपाट कोबा आहे, पाने-गोट्यांचा सेट आहे, पंक्चर झालं तर चाक मीच बदलतो. हे काम घरी करू का? आणि डिस्क खरंच बदलायला लागतात का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : करा की, जरूर करा. तुमच्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहे. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबून थांबवतात, आणि पुढच्या डिस्कचं काम हे गाडीच्या कामांमधलं सगळ्यात सरळ काम आहे, सगळं डोळ्यांसमोर उघडं असतं, लपलेलं काही नाही. फक्त एक अट आहे आणि ती मी सोडणार नाही. गाडीबरोबर आलेल्या जॅकवर गाडी ठेवून हे काम करायचं नाही. तो जॅक स्टेपनी लावण्यापुरता आहे. घोडी म्हणजे जॅक स्टँड आणा, निदान एक, दोन असतील तर उत्तम. घोडी नसेल तर काम पुढच्या रविवारी करा, पॅड कुठे पळून जात नाहीत.

आता आधी डिस्कचं बघू, कारण पैसे तिथे जातात. प्रत्येक डिस्कवर कंपनीनेच किमान जाडी कोरलेली असते, मधल्या टोपीसारख्या भागावर नाहीतर कडेला बघा, एमआयएन टीएच असं लिहून पुढे मिलिमीटरचा आकडा असतो, गंजाखाली दडलेला असला तर वायर ब्रश मारा, दिसेल. त्या आकड्याच्या खाली गेली असेल तर बदलायची, विषय संपला. वर असेल आणि खोल चर नसतील, तडे नसतील, ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत नसेल तर तीच डिस्क नवीन पॅडबरोबर चालते. बऱ्याच गॅरेजमध्ये न मोजताच दोन्ही बदला म्हणतात. सगळेच फसवायला म्हणतात असं नाही, मोजायला वेळ लागतो आणि नंतर आवाज आला तर गिऱ्हाईक परत येतं, म्हणून ते सुरक्षित बाजूने बोलतात. पण गाडी तुमची आहे, तुम्ही मोजा.

मोजताना एक गोची होते. डिस्कच्या कडेला पॅड पोचत नाही म्हणून तिथे एक न झिजलेली उंच कड राहते, आणि व्हर्नियर लावला की त्याचे जबडे त्या कडेवर बसतात आणि माप जास्त येतं, माणूस खूश होतो की डिस्क चांगली आहे. मायक्रोमीटर असेल तर प्रश्न नाही. नसेल तर दोन्ही बाजूंना एकेक सारखं नाणं झिजलेल्या भागावर धरा, नाण्यांसकट माप घ्या, मग दोन नाण्यांची जाडी वजा करा. चार-पाच ठिकाणी फिरून घ्या आणि सगळ्यात कमी आलेला आकडा खरा धरा. आणि किमान आकड्याच्या अगदी जवळ आली असेल, समजा ०.३ मिमी शिल्लक आहे, तर नवीन पॅडचं आयुष्य ती काढणार नाही, तेव्हा पॅडबरोबरच बदललेली बरी. बदलायची तर दोन्ही चाकांची, पॅडचंही तसंच. एका बाजूला नवीन आणि दुसऱ्या बाजूला जुनं ठेवलं तर दोन्हीकडे पकड वेगळी बसते आणि जोरात ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते.

आवाजाबद्दल म्हणाल तर बहुतेक पॅडला एक छोटी पत्र्याची जीभ असते, पॅड संपत आला की ती डिस्कला घासते आणि मुद्दाम किरकिरते, तेवढ्यासाठीच बसवलेली असते ती. म्हणजे गाडी तुम्हाला वेळेत सांगतेय. पॅडचं मटेरियल ३ मिमीच्या खाली आलं की बदलायचं, मागची लोखंडी पाटी धरायची नाही त्यात. किरकिर जाऊन खरखर आली असेल तर मात्र लोखंडावर लोखंड घासतंय, मग गाडी तशी चालवू नका.

आता काम. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. फक्त गिअरमध्ये टाकली म्हणून निश्चिंत राहू नका, तुमच्या गाडीचं इंजिन पुढच्या चाकांना ओढतं आणि एक पुढचं चाक हवेत गेलं की ते मोकळं फिरतं, गिअर काही धरून ठेवत नाही. व्हील नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग जॅक, मग घोडी, आणि काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा, घोडी घसरलीच तर गाडी चाकावर थांबेल. स्टिअरिंग असं पूर्ण वळवा की कॅलिपरचे, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचे, मागचे बोल्ट समोर येतील. एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसरी बाजू तशीच असली की क्लिप कुठली कुठे होती ते जाऊन बघता येतं, आणि तरीही उघडण्याआधी मोबाईलवर दोन-चार फोटो काढाच.

कॅलिपरला मागून दोन लहान बोल्ट असतात, फक्त पॅड बदलायचे तर खालचा काढला की कॅलिपर वर उचलला जातो आणि पॅड हातात येतात. डिस्क काढायची असेल तर दोन्ही काढा आणि कॅलिपर तारेने किंवा दोरीने वरच्या स्प्रिंगला बांधून ठेवा. रबरी होजवर लोंबकळत ठेवू नका, होज आतून फाटतो आणि बाहेरून काही कळत नाही. मग ज्यात पॅड बसतात तो कॅरियर, त्याचे दोन मोठे बोल्ट चांगलेच घट्ट असतात, तिथे लांब दांड्याचा पाना लागेल आणि जोर लावताना गाडी हलते, म्हणूनच घोडीचं एवढं म्हणतोय. कॅरियर निघाला की डिस्क नुसती ओढून यायला पाहिजे. नाही आली तर डिस्कमध्ये दोन आटे पाडलेली भोकं असतात, बहुतेक ८ मिमीच्या बोल्टची, त्यात दोन बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळले की डिस्क हबपासून, म्हणजे ती आणि चाक ज्यावर बसतात त्या भागापासून, सुटते.

इथपर्यंत कोणीही करतं. खरं काम यापुढे आहे आणि तेच सगळे गाळतात, घरी करणारेही आणि गॅरेजमधलेही. डिस्क निघाल्यावर हबचा जो सपाट चेहरा दिसतो त्यावर तांबूस गंजाची पापुद्री असते, विशेषतः बोल्टच्या बुडाशी. ती वायर ब्रशने, पॉलिश पेपरने, धातू चमकेपर्यंत साफ करा. बोट फिरवून बघा, नखाला काही अडकायला नको. मग कॅरियरच्या दोन्ही पिना, ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या, ओढून बाहेर काढा. त्यांच्यावर जुनं ग्रीस वाळून काळं चिकट झालेलं असतं, ते पूर्ण पुसा, भोकाच्या आतूनही पुसा, आणि ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस पातळ लावून परत घाला. साधं पिवळं बेअरिंगचं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिना आधीपेक्षा जास्त अडकतात. एका पिनेला टोकाला रबरी बुश असतो, दुसरीला नसतो, कुठली कुठल्या भोकातली ते लक्षात ठेवा. कॅरियरवर पॅडचे कान ज्या पत्र्याच्या क्लिपांमध्ये बसतात त्या क्लिपा काढून खालचा गंज खरवडा, नाहीतर गंज क्लिपला वर ढकलतो आणि पॅड आवळून बसतो. नवीन पॅड त्या खाचेत बोटाने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवायला लागत असेल तर थांबा आणि अजून साफ करा.

नवीन डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी धुवायचा, आणि त्यानंतर डिस्कला किंवा पॅडच्या तोंडाला ग्रीसचा हात लागता कामा नये. लागलाच तर डिस्क परत धुता येते, पॅडने तेल पिलं तर तो गेला.

कॅलिपरमधला, पॅडला दाबणारा पिस्टन मागे ढकलण्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढा. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी क्लॅम्पने सावकाश, अगदी सावकाश दाबा. ऑइल उलटं डबीत चढतं, मध्ये कोणी टॉप-अप केलं असेल तर ते बाहेर सांडतं आणि पेंट खातं, म्हणून आधीच थोडं सिरिंजने काढून घ्या आणि सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता. पिस्टनभोवतीचं रबर फाटलेलं दिसलं, ओल दिसली, किंवा पिस्टन मागे जातच नसेल तर तुमचं घरचं काम तिथे संपलं, मिस्त्रीला बोलवा. आणि कॅलिपर उघडा असताना कोणालाही ब्रेक पेडलवर पाय ठेवू देऊ नका, घरातल्या मुलांना आधीच सांगून ठेवा, पिस्टन बाहेर येऊन पडतो आणि मग साध्या कामाचं मोठं काम होतं.

सगळं उलट्या क्रमाने बसवा, ती किरकिरणारी जीभ असलेला पॅड जुना जिथे होता तिथेच. कॅरियरचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यालाच आवळा, टॉर्क रेंच नसेल तर भाड्याने किंवा उसना आणा. व्हील नट आपल्याकडच्या लहान गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतात, समोरासमोरचे आळीपाळीने.

आणि आता जे सांगतोय ते वहीत लिहून स्टिअरिंगला चिकटवा हवं तर. गाडी सुरू करण्याआधी ब्रेक पेडल दाबत राहा, पहिल्यांदा ते थेट खाली जाईल कारण पिस्टन तुम्ही मागे ढकललेत, दाबत दाबत ते वर येऊन घट्ट होईपर्यंत गाडी हलवायची नाही. काम उत्तम करून गेटमधून बाहेर काढताना समोरच्या भिंतीवर गेलेल्या गाड्या असतात, कारण एवढंच असतं. मग ऑइलची पातळी बघा, अंगणात चालण्याच्या वेगाने दोन-तीनदा ब्रेक लावून बघा. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थोडं अंतर जाऊ द्यायचं, आणि शेवटी काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. याने पॅडचा पातळ सारखा थर डिस्कवर बसतो आणि पकड पूर्ण येते. पहिले दोन-तीनशे किमी समोरच्या गाडीपासून जरा जास्त अंतर ठेवा.

प्रश्न : पुढच्या डाव्या चाकाचा आतला पॅड पूर्ण संपला, बाहेरचा अर्धा शिल्लक आहे. उजवीकडे दोन्ही सारखे. गाडी समुद्राजवळच असते. नवीन पॅड टाकून वर्ष पण झालं नाही. पॅड डुप्लिकेट होते का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पॅडला दोष देऊ नका. वर पिनांबद्दल जे लिहिलंय तेच तुमचं दुखणं आहे. लहान गाड्यांत पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो, तो आतला पॅड दाबतो, आणि मग सगळा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही, सगळं काम एकटा आतला पॅड करतो आणि संपतो. खाऱ्या हवेत आणि कोकणातल्या पावसात पिनेचं रबर जरा फाटलं तरी पाणी आत जातं आणि गंज धरतो. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे कॅलिपर हाताने आत-बाहेर हलवून बघायचा, हलला पाहिजे. पिना गंजून खड्डे पडले असतील तर पिना आणि रबराचा किट वेगळा मिळतो, फार महाग नसतो. पॅडचे कान कॅरियरमध्ये आवळले असतील तरी असंच होतं, आणि पिना-कान दोन्ही मोकळे असून आतलाच पॅड झिजत असेल तर पिस्टन मागे येत नाहीये, ते काम मात्र कॅलिपर खोलून करायचं आहे. तुमच्याकडे दरवर्षी पावसाळा संपला की पॅड चांगले असले तरी पिना एकदा काढून पुसून ग्रीस करा, दोन चाकांचं काम सकाळच्या चहानंतर सुरू केलं तर जेवणाआधी होतं.

डुप्लिकेटची भीती मात्र खोटी नाही. पाकिटावर पार्ट नंबर, एमआरपी, उत्पादकाचा पत्ता नीट छापलेला असतो, आणि बहुतेक चांगल्या पॅडच्या पाठीवर किंवा कडेला एक कोड असतो ज्याच्या शेवटी दोन अक्षरं येतात, एफएफ, जीएफ, ईई अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई पेक्षा एफ जास्त, एफ पेक्षा जी जास्त. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड घसरते असा अर्थ. काहीच छापलेलं नाही, कडा तुटक, रंग ओघळलेला, असा पॅड स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

प्रश्न : गॅरेजमध्ये नवीन डिस्क टाकल्या, सुरुवातीला मस्त होतं. सहा-सात हजार किमी झाल्यावर ८० च्या वर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. ते म्हणतात डिस्क वाकली, लेथवर टर्निंग करून देतो. नवीन डिस्क एवढ्यात वाकते का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : वाकत नाही हो, फार क्वचित वाकते. तुमचं जे झालंय ते बहुधा डिस्क बसवली त्या दिवशीच सुरू झालंय. हबवरचा गंज साफ न करता वर डिस्क चढवली की ती केसभर तिरकी बसते. हबवर ०.०५ मिमीचा कण राहिला तर डिस्कच्या कडेला तो फरक दुपटीच्या आसपास जातो कारण कड मध्यापासून लांब असते. एवढ्याने सुरुवातीला काही जाणवत नाही. पण चाक फिरताना ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कची तीच एक जागा दर फेऱ्याला पॅडला चाटून जाते, हजारो किलोमीटर, आणि तिथे डिस्क हळूहळू पातळ होते. दोन शतांश मिलिमीटरचा जाडीतला फरकसुद्धा स्टिअरिंगमध्ये थरथर म्हणून हाताला लागतो. म्हणूनच तक्रार सहा-आठ हजारांनी येते आणि तोवर कोणाला आठवतही नाही की हब साफ केला होता की नाही.

टर्निंग केल्याने आत्ता बरं वाटेल, पण डिस्क काढून लेथवर सरळ केली आणि परत त्याच गंजलेल्या हबवर बसवली तर पुन्हा सहा-सात हजारांनी तुम्ही मला पत्र लिहाल. आधी हब साफ, मग डायल गेज लावून डिस्कचा डगमगाट मोजायला सांगा, ०.०५ मिमीच्या आत असेल तर उत्तम, ०.१ च्या वर असेल तर डिस्क हबवर एकेक बोल्ट पुढे सरकवून बसवून बघायची, कित्येकदा एवढ्यानेच जुळतं. टर्निंगनंतर जाडी कोरलेल्या आकड्याच्या वर राहते ना ते त्यांच्यासमोर मोजून घ्या. अजून एक, व्हील नट हवेच्या गनने एकेक करून खच्चून आवळले तरी डिस्क तिरकी बसते. पंक्चरवाल्याकडे चाक निघालं असेल तर घरी येऊन नट सैल करून टॉर्कने पुन्हा आवळायची सवय लावा.

प्रश्न : महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो. गाडीत पाच जण आणि सामान. खाली येता येता जळका वास आला आणि मग ब्रेक पेडल एकदम मऊ होऊन जवळजवळ खाली टेकलं. बाजूला थांबलो, अर्ध्या तासाने पेडल नॉर्मल. पॅड सहा महिन्यांपूर्वीच बदललेत. आता चालवायला भीती वाटते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही थांबलात हे फार चांगलं केलंत, आणि ही गोष्ट आपोआप नॉर्मल झाली म्हणून सोडून देऊ नका. तुमचं ब्रेक ऑइल उकळलं. पेडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही तेव्हा पॅड तापून पकड गेलेली असते. पेडल मऊ होऊन खाली जातं तेव्हा ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झालेले असतात, बुडबुडा दाबला जातो आणि जोर कॅलिपरपर्यंत पोचतच नाही. थंड झालं की वाफेचं परत पाणी होतं आणि सगळं ठीक वाटतं, पण पाणी ऑइलमध्येच आहे.

हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, तो त्याचा गुणच आहे. डॉट ३ या दर्जाच्या नवीन ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल धरल्यावरचा मानकातला किमान आकडा १४० आहे. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. पॅड बदलले तेव्हा ऑइल बदललं का, असं तुमच्या गॅरेजला विचारा, बहुधा उत्तर नाही असंच येईल. दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, किलोमीटर कमी झाले असले तरी, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर नक्कीच. अर्धा उरलेला उघडा डबा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका.

आणि उतरण्याची पद्धत. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे आणि पोलादपूर जवळजवळ कोकणाच्या सपाटीवर, म्हणजे हजार-बाराशे मीटरपेक्षा जास्त उतार. माणसं-सामानासकट १२०० किलोची गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे जेवढी ऊर्जा मुरवायला लागते ती १०० च्या वेगातून गाडी पूर्ण थांबवण्याच्या साधारण तीस पट होते. यातली थोडी हवा आणि टायर घेतात, बाकीची एकतर इंजिनने घ्यायची नाहीतर त्या चार चाकांमधल्या ब्रेकने. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, गरज पडली तर पहिला, आणि ब्रेक सतत टेकवून न ठेवता वेग वाढला की ठामपणे दाबून सोडून द्या. ऑटोमॅटिक गाडीत एएमटी असेल तर मॅन्युअलवर, सीव्हीटी असेल तर एल वर. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून घाट उतरणारे अजूनही भेटतात, त्यांना मी हात जोडून सांगतो, इंजिन बंद केलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-चार दाबांत संपतो आणि नंतर पेडल दगडासारखं होतं. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नका, तडा जातो.

आता ऑइल बदला, होज बघून घ्या, पॅडचं तोंड काचेसारखं चकचकीत झालं असेल तर तेही बदला.

प्रश्न : दुकानदाराने डॉट ५ दिलंय, म्हणाला ४ पेक्षा वरचं आहे. टाकू का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नको. डॉट ५ हे सिलिकॉनचं आहे, तुमच्या गाडीतल्या डॉट ३ किंवा ४ मध्ये ते मिसळत नाही आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाड्यांत चालत नाही. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सगळ्या नवीन कारना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे तुमच्याही गाडीत असेलच असं धरा. डॉट ५.१ वेगळं, ते ३ आणि ४ च्याच जातीचं आहे. डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घ्या, सीलबंद. चुकून डॉट ५ ओतलं असेल तर गाडी चालू न करता, पेडल न दाबता, टो करून न्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. इथे मजुरी एवढी आहे की मागचे पॅड आणि रोटर (तिकडे डिस्क म्हणतात ते) स्वतः बदलायचं ठरवलंय, गराज आहे, फ्लोअर जॅक आणि स्टँड घेतलेत. पण मागचा रोटर काही केल्या निघत नाही, आणि गाडीला इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक आहे. बाबा म्हणतात नको त्या भानगडीत पडू. काय करू?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : बाबांची काळजी समजते पण ताई, तुमची तयारी चांगली आहे, करा. फक्त क्रम बदला. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असला की सगळ्यात आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये टाकायची, काही गाड्यांत पेडल आणि बटणांच्या ठरलेल्या क्रमाने होते, काहींना स्कॅनर लागतो, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. ते न करता क्लॅम्पने पिस्टन दाबला तर आतली मोटर आणि गिअर तुटतात आणि मग वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च येतो. ज्या गाड्यांत केबलचा हँडब्रेक मागच्या कॅलिपरवर असतो तिथे पिस्टन दाबून नव्हे तर फिरवत आत घालायला लागतो, त्याचं टूल तुमच्याकडच्या पार्ट्सच्या मोठ्या दुकानांत डिपॉझिटवर उसनं मिळतं.

रोटर अडकलाय तो तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे. आधी बघा की मागच्या रोटरच्या टोपीत पार्किंग ब्रेकचे छोटे शू आहेत का. असतील तर रोटरला आतून झिजून कड आलेली असते आणि ती शूवर अडकते, टोपीवरच्या रबरी बुचाच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हरने ॲडजस्टरचं चाक फिरवून शू आत घ्यायचे. शू नसतील तर मधल्या भोकाभोवती आणि बोल्टच्या बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी आट्यांच्या भोकात बोल्ट घालून आळीपाळीने आवळा. रोटर फेकायचाच असेल तर दोन बोल्टच्या मधल्या जागेवर हातोडीने ठोका, फिरवून सगळीकडे, एकाच ठिकाणी नाही, आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच, गंजाचे कपचे उडतात. नवा घेताना टोपीला आणि कडेला कोटिंग असलेला घ्या, मिठात जास्त टिकतो.

तिकडच्या पॅडच्या कडेला पानाचं चिन्ह आणि एन अक्षर दिसेल, त्याचा अर्थ पॅडमध्ये तांबं ०.५ टक्क्यापेक्षा कमी. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने तांब्यावर मर्यादा आली कारण ब्रेकची धूळ पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाते आणि माशांना त्रास होतो. ते चिन्ह असलेला पॅड घ्या.

प्रश्न : पुढचं काम जमलं, आता मागच्या ड्रमचे लायनर पण घरीच करावेत का? आणि ब्रेकची धूळ ब्लोअरने उडवली तर चालते ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी. अजिबात उडवू नका. आपल्या देशात ॲस्बेस्टॉसवर अजूनही पूर्ण बंदी नाही, आणि स्वस्त लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांमध्ये, ते असू शकतं, बघून ओळखता येत नाही. हवा मारली की ती धूळ तुमच्या आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या छातीत जाते. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने नाहीतर साबणाच्या पाण्याने ओलं करा, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. झटकू नका, घरच्या मशीनमध्ये धुवायला टाकू नका. गॅरेजमध्ये कामाला असलेली पोरं दिवसभर हवेच्या पाइपने ड्रम साफ करतात ते बघून मला फार वाईट वाटतं, तुमच्या ओळखीचा गॅरेजवाला असेल तर त्याला पण सांगा.

लायनरचं काम जमेल, पण पहिल्यांदा कोणीतरी माहितगार बाजूला घेऊन करा. ताणलेल्या स्प्रिंगा असतात, त्या सुटून तोंडावर येतात, आणि ॲडजस्टर डावा-उजवा वेगळा असतो. एक बाजू पूर्ण करून मगच दुसरी उघडा. ड्रम काढण्याआधी हँडब्रेक सोडायला लागतो, म्हणजे यावेळी दगड पुढच्या चाकांना लावायचे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, इथे गिअर उपयोगी पडतो कारण पुढची चाकं जमिनीवर आहेत. आत लायनरला ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर जरा उचलून बघा, खाली ओल असेल तर नुसते लायनर टाकून बंद करू नका, सिलिंडरपण बदला, नाहीतर महिन्याभरात नवीन लायनर ऑइलने भिजतील.